अबोलीला अडवता कशाला?

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आरंभीच बाळाचे नाव विचारतो. हा प्रश्न आईवडिलांना असतो. आजीआजोबांना नसतो, शेजाऱ्यांना नसतो आणि धर्मगुरूने स्वतःच त्याचे उत्तर द्यावे, अशी तर अपेक्षा मुळीच नसते. तरीही आमच्या धर्मग्रामांत या एका प्रश्नाचे उत्तर आईवडील सोडून बाकी सगळेच देऊ पाहतात.

अलीकडे एका तरुण दांपत्याने आपल्या पहिल्या मुलीसाठी 'अबोली' हे नाव निवडले. लागलीच तीन आक्षेप आले. हे कोणा संताचे नाव नव्हे. हे हिंदूंचे नाव आहे. आणि असे नाव ठेवले तर पोर मुकी निघेल! शेवटी कोणीतरी तडजोड सुचवली : घरी अबोली म्हणा, चर्चच्या नोंदवहीत मारिया लिहा. आम्हास हे तिन्ही आक्षेप मान्य नाहीत आणि ती तडजोड तर त्याहून मान्य नाही.

पहिला आक्षेप संताच्या नावाचा. त्याला इतिहास आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १९१७ च्या धर्मसंहितेने बालकास ख्रिस्ती नाव दिले जाईल याची दक्षता धर्मगुरूवर सोपवली होती. आईवडिलांनी दुसरेच नाव धरून ठेवले, तर त्याला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असे ती सांगत असे. म्हणजे त्या काळीही आईवडिलांनी निवडलेले नाव खोडले जात नव्हते. १९८३ च्या संहितेतील ८५५ वा नियम तर एवढेच सांगतो की, ख्रिस्ती भावनेस परके असलेले नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. रानातल्या अथवा परसातल्या फुलाचे नाव ख्रिस्ती भावनेस परके कसे? ज्या प्रभूने शलमोन राजाचे वैभवही रानफुलांपुढे फिके ठरवले, त्याच्या अनुयायांनी हा प्रश्न विचारावा, याचेच नवल वाटते.

शिवाय बायबल उघडून पाहावे. सुसान्ना या नावाच्या मुळाशी असलेला हिब्रू शब्द कमळाच्या जातीच्या फुलाचा, म्हणजे लिलीचा आहे. एस्तेर राणीचे मूळ नाव हदस्सा. त्याचा अर्थ मेंदीसारखे एक सुवासिक झुडूप. तामार म्हणजे खजुरीचे झाड. तुरुंगातून सुटलेला पेत्र दार ठोठावीत असता त्याचा आवाज ओळखून आनंदाने आत धावणारी दासी रोदा; ग्रीक भाषेत रोदा म्हणजे गुलाब. लिमा नगरीच्या संत रोझचे स्नानसंस्काराचे नाव इसाबेल होते. तिचा चेहरा गुलाबासारखा दिसतो म्हणून घरच्यांनी तिला रोझा म्हटले आणि दृढीकरणाच्या वेळी आर्चबिशप तोरिबिओ यांनी, जे पुढे स्वतः संत ठरले, तेच नाव तिला दिले. १६७१ मध्ये ती अमेरिका खंडांतील पहिली संत म्हणून घोषित झाली. आग्नेस नावाच्या पहिल्या संताच्या पाठीशी आधीची कोणती संत आग्नेस होती? संतांमुळे नावे पवित्र झाली. नावांमुळे कोणी संत झालेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे. अबोली 'हिंदू', पण लिली, डेझी, व्हायोलेट ही नावे मात्र 'आपली'! डेझीला कोणत्या संताचा आधार आहे? आयरिस तर ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव. ते ऐकून कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. मार्टिन हे नाव मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आले आणि डेनिस हे डायोनिससवरून, म्हणजे मद्याच्या देवावरून! ती नावे आम्ही चार शतके आनंदाने मिरवली आणि मिरवावीतच. मग आपल्याच मातीतले, कोणत्याही देवतेशी संबंध नसलेले फूल तेवढे विटाळाचे का? हा श्रद्धेचा प्रश्न नाही. परभाषेतले ते ख्रिस्ती आणि मराठीतले ते परधर्मी, ही आमच्या मनावरची जुनी गुलामी आहे. १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी गाताना तिला फुलांमधील मोगरीची उपमा दिली. परदेशी धर्मगुरूला आमच्या भाषेत मोगरा दिसला, आणि आम्हांला आमच्या लेकीत अबोली दिसू नये? वसईच्या वाड्यांतून आम्ही फुले पिकवतो, पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारी नेतो, वेदी त्यांनी सजवतो. नावाची वेळ आली की मात्र तीच फुले परकी होतात!

तिसरा आक्षेप आजीचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानात आहे. अलिशिबेच्या बाळाचे नाव ठेवण्यास जमलेल्या नातलगांनी बापाचेच नाव ठरवून टाकले होते. आईने योहान म्हणताच, तुमच्या कुळात हे नाव कोणाचे आहे, असे तिला विचारण्यात आले. मुका झालेला जखऱ्या पाटी मागवून घेतो, त्यावर तेच अनोळखी नाव लिहितो आणि त्या क्षणी त्याची जीभ मोकळी होते! कुळात नसलेल्या नावाने त्या घरात वाचा गेली नाही, आली. अबोली या फुलाला गंध नाही हे खरे. पण त्याचा गजरा मोगऱ्याच्या गजऱ्याहून कितीतरी जास्त टिकतो. न मिरवता टिकून राहणे हा गुण कोणत्या आईला आपल्या लेकीत नको असेल?

राहिली तडजोड. नगरपालिकेत अबोली आणि चर्चमध्ये मारिया, अशी दोन माणसे एका मुलीतून निर्माण करू नयेत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखल्याला कायद्याने विशेष महत्त्व आले आहे. पुढे विवाहाच्या वेळी दाखल्यांवरील दोन नावे जुळवीत ती मुलगी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवील, तेव्हा आज सल्ला देणारे तिच्या सोबत नसतील. पवित्र मरियेचे नाव हवेच असेल तर 'अबोली मारिया' हे पूर्ण नाव दोन्हीकडे सारखे लिहावे. परंतु ते आईवडिलांच्या भक्तीने, धाकाने नव्हे.

आईवडिलांनाही आमचे सांगणे आहे. शेजारच्या घरापेक्षा वेगळे दिसावे एवढ्यासाठी नाव शोधू नका. पुस्तकातून उचललेले, स्वतःलाही नीट उच्चारता न येणारे, ज्याचे फूल कधी पाहिलेले नाही असे नाव लेकीच्या गळ्यात बांधू नका. बकुळ, सुरंगी, शेवंती, केतकी, जे ठेवाल ते फूल एकदा तिच्या ओंजळीत ठेवा आणि हे नाव का निवडले ते तिला सांगा. संतांच्या कथाही सांगा. त्या ऐकण्यासाठी मुलीचे नाव संताचेच असावे लागत नाही.

आणि आमच्या धर्मगुरू बंधूंना विनंती : अशी मुलगी दारी आली, तर नाव बदलून आणा म्हणून तिला परत पाठवू नका. अबोली म्हणूनच तिच्या कपाळावर क्रूसाची खूण करा आणि नोंदवहीत स्वच्छ अक्षरांत तेच नाव लिहा.