खिडकी उघडलीस का?

एप्रिल २०२० च्या अखेरीस एका जुन्या रुग्ण आजींचा फोन आला. वय ७४, रक्तदाबाचा विकार बरीच वर्षे. टाळेबंदीमुळे दवाखान्यात येणे अशक्य. दूरध्वनीवरून सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्चलाच जाहीर झाली होती. सवय मात्र ना त्यांना होती ना मला. त्यांची मागणी एकच होती : झोपेची गोळी लिहून द्या.

चौकशीत कारण उलगडले. नातू विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून एका सत्रासाठी जर्मनीला गेला होता. तो मार्चच्या आरंभी पोहोचला आणि २२ मार्चपासून भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. २० एप्रिलला तेथील उन्हाळी सत्र सुरू झाले, तेही ऑनलाइन. परदेशातला वर्ग अनुभवायला गेलेला मुलगा वसतिगृहाच्या खोलीतून त्याच गावातल्या प्राध्यापकांना पडद्यावर पाहत होता. मुद्रित व्याख्याने केव्हाही पाहता येत. म्हणून तो ती रात्री पाही आणि दुपारी उठे. तो एकटा जेवतो म्हणून आजी फोनवर त्याला सोबत करीत. तिकडचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचा एक!

गोळी मी दिली नाही. उतारवयात तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. शिवाय आजींना झोप येत नव्हती असे नाही, त्या ती घेत नव्हत्या. ‘‘सोबत जरूर करा, पण त्याच्या सकाळी,’’ मी म्हटले. त्याचे साडेसात म्हणजे आपले अकरा.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते मुख्यत्वे सकाळच्या उजेडावर जुळते. झोप ठरल्या वेळी आणता येत नाही, उठणे मात्र ठरवता येते. रोज एकाच वेळी उठून डोळ्यांवर दिवसाचा प्रकाश घेतला, की रात्रीची झोपही हळूहळू जागेवर येते. अंथरुणात बसून व्याख्यान ऐकणाऱ्याला हे साधत नाही.

आजींनी वेळ काटेकोर पाळली. पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. ‘‘खिडकी उघडलीस का?’’ एवढाच असे. नातू चार दिवस चिडला. नंतर समोरच्या छपरावरचे ऊन फोनवर दाखवू लागला, चहा करू लागला, मग सकाळच्या थेट चर्चावर्गातही बसू लागला. तेथे त्याला दोन-तीन सोबती मिळाले. माझ्या मते निम्मे औषध तेच होते. तीन आठवड्यांत आजींचा घरी मोजलेला रक्तदाब १६२/९४ वरून १४०/८४ वर आला. गोळ्या पूर्वीच्याच होत्या.

दूर शिकणाऱ्या नातवंडांना आपण ‘‘जेवलास का?’’ विचारतो आणि ‘‘हो’’ हे उत्तर ठरलेलेच असते. त्याऐवजी कधी उठलास, आज कोणाशी बोललास, हे विचारावे. दिवसा झोपणे, अन्न नकोसे होणे, वर्गात कॅमेरा बंदच ठेवणे, बोलणे टाळणे हे दोन आठवडे टिकले तर रागावू नये. विद्यापीठाच्या समुपदेशकाला भेटण्यास सुचवावे, आईवडिलांना कळवावे. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे निघाले, तर मात्र दोन आठवडे तर सोडाच, दोन तासही थांबू नये.

हा मुलगा ऑगस्टमध्ये परतला. विलगीकरणाचे उरलेले दिवस त्याने घराच्या वरच्या खोलीत काढले. पहिल्याच सकाळी सात वाजता जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून आजींनी हाक मारली. प्रश्न तोच होता.