खुर्चीची अमानत

घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मेली. दोष वादळाला दिला गेला. पण पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना १२० बाय १२० फुटांचा सांगाडा काही वादळाने उभारला नव्हता. हमरस्त्यालगतचा हा फलक लाखो लोक रोज पाहत होते. लिम्का बुकात त्याची नोंदही झाली होती. नियमभंग लपवावा, एवढीही लाज कुणाला उरली नव्हती.

जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. तिथे पालिकेची परवानगी लागत नाही, हा एका बाजूचा दावा. लागते, हा पालिकेचा. लेखी नियमांचा वाद असा रंगत राहिला, कारण कचेऱ्यांत अलिखित नियमांना अधिक मान असतो. दुसऱ्याच्या हद्दीत नाक खुपसू नये. साहेबांच्या सहीवर शंका घेऊ नये. आधीपासून चालत आलेले मोडू नये. अशा ठिकाणी साहेब मुळात वाईट असण्याची गरजच नसते. त्याला ‘नाही’ म्हणणारा कुणी नसला की पुरते.

तत्कालीन रेल्वे पोलीस आयुक्त कैसर खालिद यांना शासनाने जून २०२४ मध्ये निलंबित केले. महासंचालक कार्यालयाच्या मंजुरीविना परवानगी दिल्याचा त्यांच्यावर ठपका होता. तो खरा की खोटा, हे चौकशी आणि न्यायालय ठरवील. माझा प्रश्न आपल्या समाजाला आहे. आपला माणूस मोठ्या हुद्द्यावर गेला की आपण हारतुरे घेऊन धावतो. त्याच्या कारभारावर प्रश्न आला की मात्र ‘आपल्याच माणसाची बदनामी कशाला?’ म्हणून गप्प बसतो. दुसऱ्या समाजातल्या अधिकाऱ्याला आपण हीच सवलत देतो का?

ही सवय आपल्याला घरातच लागते. मशिदीच्या किंवा शाळेच्या ट्रस्टचा जमाखर्च विचारणारा आपल्याकडे फसादी ठरतो. सदरसाहेब बुजुर्ग आहेत, नमाजी आहेत, त्यांना हिशेब कसा मागायचा? गैरकारभारावर बोलणे म्हणजे गीबत, असेही वर ऐकवले जाते. वर्षानुवर्षे कुणी विचारले नाही, की भला माणूसही ट्रस्टच्या पैशाला आणि अधिकाराला आपली मालमत्ता समजू लागतो. मग खयानत झाली की आपण एकट्या सदराला शिव्या घालतो. त्याला बिनहिशेबी वागायला शिकवले ते आपण.

खुर्ची ही अमानत आहे, असे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. अमानतीचा हिशेब मागणे ही बेअदबी नव्हे. येत्या जुम्याला आपापल्या मशिदीच्या फलकावर वर्षाचा जमाखर्च लावायला सांगा. तिथे तोंड उघडले नाही, तर आयुक्तांच्या सहीवर बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.