जीपगाडीचें स्टिअरिंग आणि मालकाची जबाबदारी

सातपुड्याच्या पायथ्याशीं रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांत ज्यांचीं शेतें आहेत, त्यांस जुन्या जीपगाडीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल व उन्हाळ्यांत नाल्यांतील गोटे यांतून, जेथें दुसरी मोटार अडते तेथें, चारहि चाकांनीं ओढ घेणारी ही गाडी पार होते. १९४० ते १९५० या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईस जुळविल्या जाऊं लागल्या. त्या वळणाच्या गाड्यांना पुढें अखंड एक्सल असे. जुनी गाडी सैल झाली म्हणजे तिचें स्टिअरिंगच निराळ्या तऱ्हेचें बसवून घ्यावें, असा मोह मालकास होतो. याविषयीं आमचें मत आम्ही येथें स्पष्ट मांडतों.

बैलगाडीचा आख सरळ असतो. बैल वळले म्हणजे आखासह सारी गाडी वळते. जीपचा एक्सल मात्र आडवाच राहतो व त्याच्या टोकांचीं चाकें तेवढीं वळतात. स्टिअरिंगची पेटी सांगाड्यास पक्की बसविलेली, आणि चाकें तर पाट्यांवर खालींवर होणाऱ्या एक्सलास जोडलेलीं. या दोहोंस जोडणाऱ्या दांड्यांतच सारें मर्म आहे. एक्सल ज्या कमानींत हलतो, त्याच कमानींत दांड्याचें टोकहि हललें पाहिजे. तसें न झाल्यास प्रत्येक खड्ड्यागणिक चालकाच्या हाताविना चाक आपोआप वळतें. विलीजच्या मूळ रचनेंत पेटीकडून आलेला दांडा मधल्या एका कोपरदांड्यास ढकलतो व त्यापासून दोन दांडे दोन्ही चाकांकडे जातात. त्या कोपरदांड्याची खुंटी झिजली, कीं स्टिअरिंग सैल होतें.

यावर कारागीर अनेक उपाय करतात. कोणी कोपरदांडा काढून पेटीपासून समोरच्या बाजूच्या चाकापर्यंत एकच आडवा दांडा नेतात. कोणी दांडे पाट्यांच्या वर उचलतात, म्हणजे गोटे व खुंट त्यांस लागत नाहींत. कोणी मोडींतील मोटारीची पॉवर स्टिअरिंग पेटी बसवितात. या कल्पना मुळांत खोट्या नाहींत. परंतु गाडी उंच करण्यासाठीं पाटे वाढविले आणि दांडा तिरका राहिला, तर सुधारणा राहते बाजूला व गाडी रस्त्यावर भरकटूं लागते. आणि दांडा कापून, लांबवून, वेल्डिंगनें जोडणें हा तर जिवाशीं खेळ होय. नांगराचा फाळ तुटला तर एक तास वांया जातें. स्टिअरिंगचा सांधा तुटला तर माणसें जातात.

चौथा प्रकार केवळ तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगचा. पुष्कळ ट्रॅक्टरांस तें कारखान्यांतूनच येतें. त्यांत हाताचें चक्र व चाकें यांमध्यें दांड्याची जोड नसते. एंजिन बंद पडलें तरी त्याचें यंत्र हातपंपासारखें चालून जड कां होईना, चाकें वळवितें. पण तेलाची नळी फुटली तर तोहि आधार उरत नाहीं. शेतांत सावकाश चालणाऱ्या ट्रॅक्टरास जें शोभतें, तें धुळ्याहून आग्रा रस्त्यानें वेगानें धांवणाऱ्या जीपला शोभेलच असें नाहीं.

कायद्याचेंहि भान पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नें गाडी मूळ कारखानदाराच्या नमुन्याहून निराळी करण्यास बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच ठरविलें. अशा फेरफारानंतर अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊं शकते. मग नुकसानीचा बोजा जमिनीवर येऊन पडतो.

तथापि नुसत्या बंदीनें काम भागेल, असें आम्हांस वाटत नाहीं. जुन्या गाड्या खेड्यांत चालणारच, आणि बंदी असली म्हणजे काम चोरून होतें. चोरून झालेलें काम कोणी तपासीत नाहीं. म्हणून सरकारनें अशा जुन्या गाड्यांसाठीं योग्य इंजिनियराच्या तपासणीची व दाखल्याची सोय करावी. तोंपर्यंत मालकानें मूळ नमुन्याचेच खुंटी, बुश व बॉल जॉइंट घालावे; स्टिअरिंगच्या कोणत्याहि भागास वेल्डिंग लावूं देऊं नये; आणि पेरणीपूर्वीं एकदां व कापूस वेचणीपूर्वीं एकदां, एकानें चक्र थोडें हालवावें व दुसऱ्यानें खालीं प्रत्येक सांधा पाहावा. चक्र फिरतें पण चाक हलत नाहीं असें दिसलें, तर गाडी त्या दिवशीं रस्त्यावर काढूं नये.

तिफणीचा एक दांता सैल असला तरी जाणता शेतकरी वाफसा सोडून आधीं तो ठोकून घेतो. ज्या गाडींत आपलीं मुलें व मजूर बसतात, तिच्या सांध्यांविषयीं त्यानें याहून कमी दक्ष कां असावें?