दिवेघाटातली लांब लेन्स

ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट चढते, त्या दिवशी कठड्यांवर कॅमेरेवाल्यांचीही एक दिंडी उभी असते. बहुतेकांच्या हाती तीच ७०-२०० मिलिमीटरची, दीड किलोच्या आसपास वजनाची लेन्स. प्रवासात ती हवीच, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. आम्हांस तो मान्य नाही, आणि ते केवळ खांदे दुखतात म्हणून नव्हे.

छायाचित्रातली खोली ठरते ती आपण कुठे उभे आहोत यावरून. लेन्स फक्त चौकट आवळते. शंभर पावलांवरून टिपलेली पुढची आणि मागची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, आणि लांबच लांब चाललेल्या दिंडीची पांढऱ्या टोप्यांची भिंत होते. देखणी दिसते, नाही कोण म्हणतो? पण त्या भिंतीत डोईवर तुळस घेऊन चाललेल्या बाईला आपण टिपले गेलो हे ठाऊकही नसते. तिच्या वाटेत यायचे नाही म्हणून आम्ही दूर राहतो, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद सभ्य आहे, प्रामाणिक नाही. दूर उभ्या असलेल्याला नकार ऐकावा लागत नाही, ही त्यातली खरी सोय. ३५ मिलिमीटरची लेन्स लावली, की तिला कमरेपासून वर चौकटीत घ्यायला दोन-तीन हातांवर जावे लागते. तिथे ती 'माउली' म्हणून हाक मारील, तोंड फिरवील, नाहीतर 'फोटो कशाला?' म्हणून विचारील. उत्तर नसेल तर कॅमेरा खाली घ्यावा.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येपूर्वी काही वेळ, गांधीजींना भेटलेला छायाचित्रकार तो हाच. त्यांची थोरवी लेन्समुळे नव्हे, हे उघड आहे. पण थोडक्यात भागते, एवढे तरी त्यावरून कळावे.

भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी लांब लेन्स खुशाल न्यावी. पक्ष्याजवळ गेले तर तो उडतो. असो. आषाढातल्या पावसात लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्यात पाणी घालणेच. तेव्हा एकच लावून निघावे, जादा बॅटरी आणि प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी.

वारकऱ्यांच्या खिशातल्या फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या तोडीची असते. आपल्या दिंडीची चित्रे ते तिच्यावरच काढतात, चालता चालता, दिंडीच्या आतून.