जेथे खत हेच विष ठरते
सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू व सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. जांभ्यावरील पातळ मातीत नत्र अत्यल्प असते. ती उणीव त्या सूक्ष्म जीव पकडून भरून काढतात. शेतात हितकर असणारे खत त्यांना मारक ठरते. कास आणि सांगलीकडील चांदोली २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झाले. तेथील रोपे हौसेखातर उपटून आणणे सर्वथा अनुचित होय. घरच्या कसदार मातीत ती जगतही नाहीत. हौसच असल्यास कुंडीत वाढविलेल्या दवबिंदूचे बी मिळवावे, धुतलेल्या ओल्या वाळूवर पसरावे, वर माती लोटू नये व पावसाचेच पाणी द्यावे. ग्रामकार्यकर्त्यांनी हे गावोगाव समजावून सांगावे.