डबे भरले, पण मुलीची तयारी झाली का?



गेल्या आठवड्यात बस्तीतून बाहेर पडताना एका काकूंनी मला थांबवलं. त्यांची नात ऑक्टोबरच्या तुकडीला टोकियोला जपानी भाषा शिकायला निघाली आहे. "तुझी धाकटी गेली होती ना तिकडं? काय काय बांधून दिलं होतंस ते मला लिहून दे बाई," म्हणाल्या.

घरी येऊन जुनी वही काढली. दोन पानं भरून यादी होती. शेंगदाण्याची चटणी दोन किलो, मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं, बिनलसणाचं भडंग, राजगिऱ्याचे लाडू, तूरडाळ, मूगडाळ, छोटा कुकर, मिक्सर. वाचता वाचता मलाच लाज वाटली. दोन पानांत डबेच डबे, आणि पोरीसाठी एक ओळ नाही.

ती यादी मी काकूंना दिली नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे. लेकीला विचारूनच लिहिते आहे.

आधी सामानाचं सांगून टाकते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथं नुसता कण्हतो, चटणी वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या खोलीत बहुतेक वेळा एकच शेगडी असते आणि तीही इंडक्शनची, त्यामुळे आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा कुकर घ्या. ताजी फळं, भाज्या, कच्चं धान्य-कडधान्य आपल्याकडच्या सरकारी तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय तिकडे नेता येत नाही. आमच्या डाळी विमानतळावरच राहिल्या. औषधांचंही तसंच. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर जपानमध्ये ती गोळी बेकायदा ठरते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधंसुद्धा एक महिन्यापुरती नेता येतात, जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आणि डाळींसाठी रडू नका. टोकियोत शिन-ओकुबो भागात आणि एदोगावातल्या निशी-कासाईत भारतीय किराणा मिळतो. निशी-कासाईत तर आपली माणसं इतकी राहतात, की रस्त्यात हिंदी-मराठी कानावर पडते.

झालं सामान. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमची लेक एप्रिलमध्ये गेली. पुण्यात दीडशे तास जपानी शिकून गेली होती, कारण व्हिसासाठी बहुतेक शाळा तेवढा पुरावा किंवा एन-फाइव्ह परीक्षेचा दाखला मागतात. हिरागाना, काताकाना दोन्ही लिप्या तिला येत होत्या. मलाही तिनं थोडं शिकवलं होतं. गंमत म्हणजे त्यांच्या अक्षरांचा क्रम आपल्यासारखाच, आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म असा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे गेला म्हणतात. वाक्याचं क्रियापदही मराठीसारखं शेवटी येतं. त्यामुळे मी निर्धास्त होते. पोरीला भाषा येते, डबे सोबत आहेत, आणखी काय हवं?

पंधरा दिवसांनी तिच्या वर्गातल्यांचं एकत्र जेवण होतं. तिनं जपानीत विचारलं, "यात मांस आहे का?" वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, नाही. तिनं वाटीभर सूप प्यायलं. नंतर कुणीतरी सांगितलं, की ते मिसो सूप 'दाशी'वर केलेलं असतं आणि दाशी बहुतेक वेळा सुक्या माशाच्या किसापासून काढतात.

त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या बरं का. जपानीत 'निकु' म्हटलं की जनावराचं मांस. मासा त्यात धरत नाहीत. आणि माशाचं नुसतं पाणी हे तर कुणाच्या गावीही नसतं. तिनं विचारायला हवं होतं, की मासा आहे का, दाशी कशाची आहे. पण हे वाक्य तिच्या पुस्तकात नव्हतं. आणि मीही तिला कधी सांगितलं नव्हतं, की तू जे खात नाहीस ते परक्या माणसाला चार वाक्यांत समजावून सांगायला शिक. आपल्याकडे कुणाला समजावावं लागतच नाही ना. नुसतं "जैन" म्हटलं की सांगलीतला भेळवाला बटाटा बाजूला काढतो.

तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. आणि मी काय म्हणाले असेन? "तू नीट विचारायला नको होतंस का?"

"मी विचारलं होतं गं, आई," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दोन महिने तिचे फोन सुरळीत चालले होते. जेवलीस का? हो जेवले. काय केलंस? भात-आमटी. सगळं छान. पुढे तिच्या मोठ्या भावाकडून मला कळलं, की ती दही-भात, केळी आणि माझ्या चटणीवर दिवस काढत होती. ब्रेड घ्यायलाही घाबरत होती, त्यात चरबी असेल म्हणून. चार किलो वजन उतरलं होतं. भावाला सांगितलं, मला नाही.

मैत्रिणींनो, इथं माझं मत स्पष्ट आहे आणि काहीजणींना ते आवडणार नाही. परदेशी निघालेल्या मुलीकडून विमानतळावर वचनं घेणं बंद करा. "कंदमुळं खाणार नाही म्हण, रात्री जेवणार नाही म्हण, माझ्या गळ्याची शपथ." मीही घेतली होती. घेताना वाटतं, आपण तिचा धर्म राखला. प्रत्यक्षात आपण तिला आपल्याशी खोटं बोलायला लावतो.

रात्रिभोजनाचंच बघा. टोकियोत डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. भाषाशाळा बहुधा दोन पाळ्यांत चालतात, सकाळची आणि दुपारची. तिला दुपारची पाळी मिळाली होती. वर्ग सुटतो तेव्हा बाहेर दिवे लागलेले. हजेरी कमी पडली तर व्हिसा वाढवताना अडचण येते, म्हणजे वर्ग बुडवून जेवायला जाणं नाही. आता ही मुलगी हिवाळ्यात सूर्यास्ताआधी जेवणार कशी? मी सांगलीत बसून साडेसहाला ताट उरकणार आणि तिला विचारणार, जेवलीस का वेळेत? तिनं काय सांगावं?

आपल्या शास्त्रात यावर वाट नाही असं नाही. रत्नकरंड श्रावकाचारात त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. ठरावीक काळापुरता तो नियम, आणि जन्मभराचा तो यम. आपण बायका दशलक्षणात, चातुर्मासात नियम घेतोच की. कुणी दहा दिवसांचा, कुणी चार महिन्यांचा, आपापल्या शक्तीनं. मग घर सोडून जाणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीकडून आपण एका दमात यम का मागतो? तिला बसवून विचारा, बाळ, तुला काय पाळायचं आहे, किती दिवस, आणि का? मांस-मासे-अंडी नाही, एवढं जन्मभराचं असेल तर ते तिनं तिच्या तोंडानं म्हणू दे. रात्रीच्या जेवणाचं अष्टमी-चतुर्दशीपुरतं ठेवीन म्हणाली तर तेही ऐकून घ्या. आणि चुकून काही झालंच तर आलोचना असते, प्रायश्चित्त असतं. आलोचना म्हणजे न लपवता सांगणं. पण सांगायला समोर ऐकणारं माणूस लागतं. मी ते माणूस राहिले नव्हते.

"अशानं ढील दिल्यासारखं होतं," असं आमच्या महिला मंडळात एक ताई म्हणाल्या. होत असेल. पण माझ्या घरचं सांगते. आम्ही दोघी फोनवर बसून नियम नव्यानं ठरवले, तेव्हापासून ती जास्त काटेकोर झाली. कारण आता ते तिचं होतं. बटाट्याला तिनं हात लावला नाही. कांदा-लसणाचं तर एका जपानी शिक्षिकेनंच तिला सांगितलं, की आमच्याकडच्या बौद्ध मठांतलं 'शोजिन र्योरी' जेवणही कांदा-लसणाविना असतं, दाशीही कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि मशरूमची करतात. लेक हरखली. मग ताटात मुळा आणि कमळाचा कंद आला तेव्हा दोघी हसल्या म्हणे. मशरूमही आपल्याला चालत नाही, हेही तिनं शिक्षिकेला समजावलं. पूर्ण जपानीत!

तर यादी करायचीच असेल तर ही करा. जाण्याआधी निदान दोन महिने स्वयंपाकघर तिच्या ताब्यात द्या. एक शेगडी, एक पातेलं, एक कुकर, एवढ्यावर. आपण मध्ये बोलायचं नाही, डाळ करपली तरी. आमची लेक पोळ्या उत्तम लाटायची, पण तिच्या खोलीत पोळपाट ठेवायला जागा नव्हती. एका भांड्यात होणारी खिचडी, मूग घातलेला भात, लाल भोपळ्याची आमटी हे यायला हवं. भोपळ्याला तिकडे काबोचा म्हणतात, आणि तो आपल्यापेक्षा गोड लागतो. भेंडीला ओकुरा म्हणतात, ती उन्हाळ्यात सगळीकडे मिळते.

मग तिला वेष्टन वाचायला शिकवा, म्हणजे तिच्या शिक्षकांना शिकवायला सांगा. मांस, मासा, डुक्कर, गाय, कोंबडी, अंडं यांची चिन्हं पाठ हवीत, आणि जिलेटिन हा शब्द काताकानात ओळखता यायला हवा, काही दह्यांतही ते असतं. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा यांची नोंद ॲलर्जीमुळे पाकिटावर सक्तीची आहे, त्यामुळे अंडं सापडणं सोपं. मासा शोधावा लागतो. "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य तिला झोपेतही म्हणता यावं, आणि त्याला जोडून दाशीही चालत नाही हे. नम्रपणे, हसून, पण दोनदा विचारायला न लाजता. आपल्या मुलींना आपण दोनदा विचारायला शिकवलेलंच नसतं. कुणाला त्रास नको, हेच शिकवतो.

पैशांचं थोडक्यात. एजंट लोक सांगतात, तिकडे काम करून सगळं भागतं. आम्हालाही एकानं तसंच सांगितलं होतं. विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, शाळेच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास. पण पहिले काही महिने भाषा अर्धीकच्ची असते, काम मिळत नाही. टोकियोत भाषाशाळेची वर्षाची फी साधारण सात ते नऊ लाख येन, आणि खोली घेताना 'रेइकिन' म्हणून जे पैसे घरमालकाला देतात ते परत मिळत नाहीत. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर एक तुकडी थांबा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, वर्षातून चारदा प्रवेश असतात. थांबण्यात कमीपणा नाही. पोहोचल्यावर राहायची जागा ठरली की १४ दिवसांत वॉर्ड कचेरीत पत्ता नोंदवायचा आणि तिथंच आरोग्य विमा काढायचा, मग दवाखान्याच्या बिलातला ३० टक्के भाग फक्त आपण भरतो. हा विमा टाळू नको म्हणून तिला बजावा.

आणि आपली तयारी? ती कुणी करत नाही. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आपण रात्री दहाला निवांत होऊन फोन करतो तेव्हा तिथं दीड वाजलेला असतो आणि पोरगी आईचा फोन म्हणून डोळे चोळत उठते. मी तीन महिने हेच केलं. आता सकाळी आठला करते, देवदर्शन करून आले की. तिचे साडेअकरा, वर्गाला निघण्याआधीची वेळ. "जेवलीस का?" हा प्रश्न मी सोडला. "आज नवीन काय सापडलं?" असं विचारते. एकदा म्हणाली, जेवणाआधी सगळे हात जोडून "इतादाकिमासु" म्हणतात, नम्रपणे स्वीकारतो असा अर्थ. ती ते म्हणते आणि मग मनात णमोकार म्हणते. दोन्ही एकाच घासाआधी. यावर काय बोलावं मला सुचलं नाही, बरं वाटलं एवढं खरं.

काकूंना निरोप पाठवला आहे, की नातीला घेऊन रविवारी आमच्याकडे या. लेक त्या वेळी फोनवर असेल, मुलगी तिच्याशीच बोलेल, आपण दोघी स्वयंपाकघरात बसू. चटणी मात्र दोन किलो नको, एक पुरे.