सपाट स्पीकर आणि आईची रांगोळी

गेले दोन महिने आमच्या दिवाणखान्यात एकच विषय चालू आहे. टीव्ही नाही, क्रिकेट नाही, तर बाबांचा डावा स्पीकर.

बाबांकडे 1984 साली घेतलेली लाकडी खोक्यांतल्या स्पीकरची जोडी आहे. आत आठ इंची कागदी कोनाचे वूफर. उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची रेकॉर्ड त्यांवर इतक्या वेळा वाजली आहे की घरातल्या मांजरालाही विलंबित लय पाठ झाली असावी. इंदूरच्या जुन्या माणसांना खाँसाहेब शेजारच्या गल्लीतलेच वाटतात, बाबाही त्यांतलेच.

पावसाळ्यात डावा स्पीकर फरफरू लागला. जाळी काढून पाहिलं तर कडेचा फोम हात लावताच भुगा होत होता आणि कागदी कोनाला बोटभर चीर पडली होती. जेल रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “भैया, ये वाला कोन अब नहीं मिलता. दूसरा डाल दूँ, पर आवाज़ बदल जाएगी.”

आवाज बदलणारच असेल तर मग आपणच बदलून पाहू, असं माझ्या मनात आलं. सपाट पडद्याच्या स्पीकरविषयी बरेच दिवस वाचत होतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “डावा गेलाच आहे, कर काय करायचं ते. पण उजव्याला हात लावायचा नाही.”

आता मुळात कोन कशासाठी असतो ते सांगतो. वर्तमानपत्राचा कागद हातावर सपाट धरा, लगेच लोंबतो. त्याचाच शेंगदाण्याचा पुडा करा, मग तो ताठ उभा राहतो. वजन तेवढंच, फक्त आकारामुळे ताकद आली. स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल पुढे-मागे हलते आणि पडद्याला ढकलते. पडदा हलका हवा आणि न वाकणाराही हवा. कागदाचा पुडा दोन्ही कामं स्वस्तात करतो. म्हणूनच 1925 साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी मांडलेली ही रचना शंभर वर्षं टिकून आहे.

पण पुडा खोलगट असतो. त्याचा मधला भाग मागे आणि काठ पुढे, त्यामुळे आवाज एकाच पातळीवरून निघत नाही. शिवाय त्या खळग्याचा स्वतःचा थोडा रंग आवाजात मिसळतो. सपाट पडद्याला खळगाच नाही. 1980च्या सुमारास सोनी आणि टेक्निक्स या जपानी कंपन्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेले सपाट पडदे बाजारात आणले होते. सोनीचे तर चक्क चौकोनी होते.

माझ्याकडे पोळं नव्हतं, पण गणपतीच्या मखरातलं उरलेलं थर्माकोल होतं. सोळा सेंटिमीटर व्यासाची, एक सेंटिमीटर जाडीची चकती कापली. पहिल्याच दिवशी घाईत रबराचा गोंद लावला आणि पाच मिनिटांत चकतीला भोक पडलं. त्या गोंदातलं द्रावण थर्माकोल खाऊन टाकतं. तुम्ही करणार असाल तर साधा पांढरा फेविकॉल वापरा आणि रात्रभर वाळू द्या.

बाबांच्या वूफरला हात लावण्याआधी जुन्या रेडिओतल्या लहान स्पीकरवर प्रयोग केला. मधोमध इंचभर रुंद पुठ्ठ्याची नळी चिकटवली, तिच्यावर चकती. मोबाइलवरून एकेक स्वर वाजवत वर गेलो. तीनशे हर्ट्झच्या थोडं पुढे चकती अशी कोकलली की आई स्वयंपाकघरातून विचारती झाली, “पातेलं पडलं का रे?”

मग चकतीच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवला. पुठ्ठ्याच्या खोक्यात असतं तसंच, मध्ये हलका गाभा आणि वरखाली ताठ कातडी. कोकलणं हजार हर्ट्झच्या वर सरकलं, पण गेलं नाही. आणि गाण्यात हजार हर्ट्झ म्हणजे ऐन वस्ती. तिथे आवाज फाटला तर लपवायला जागा नाही.

मी वैतागून सोडून देणार होतो. माझी अकरावीतली मुलगी म्हणाली, “बाबा, चकती नक्की कुठे वाकते ते तरी बघा.” तिने देवघराशेजारचा आजीचा रांगोळीचा डबा आणला, चकतीवर बारीक रांगोळी भुरभुरवली आणि मोबाइलवर तो कोकलणारा स्वर लावला. रांगोळी नाचली, सरकली आणि काही सेकंदांत एका गोल कड्यात जाऊन बसली. जर्मनीच्या क्लाड्नी यांनी 1787 साली धातूच्या पत्र्यांवर वाळू टाकून अशाच आकृत्या दाखवल्या होत्या. आमच्याकडे त्या आईच्या रांगोळीने काढल्या.

त्या कड्याचा अर्थ असा. चकती वाकते तेव्हा मध्य वर जातो, काठ खाली जातो. या दोहोंमध्ये एक वर्तुळ असं असतं की जे जागचं हलत नाही. रांगोळी तिथेच विसावते. मोजलं तर केंद्रापासून साडेपाच सेंटिमीटर. गणितही तेच सांगतं, मोकळ्या गोल चकतीत हे वर्तुळ त्रिज्येच्या साधारण 68 टक्क्यांवर येतं.

माझी चूक तिथे कळली. मी मधोमध ढकलत होतो, म्हणजे चकतीला वाकायला मदतच करत होतो. त्या शांत वर्तुळावर ढकललं तर हे वाकणं सुरूच होत नाही. जपानी मंडळीही हीच युक्ती वापरत होती.

मग बाबांचा फाटका कोन अकरा सेंटिमीटर व्यासावर गोल कापला. काठाची चीर त्यातच निघून गेली. उरलेल्या कोनाच्या कडेवर उंची भरायला पुठ्ठ्याचं कडं बसवलं आणि त्यावर कागद लावलेली नवी चकती. कॉइल आणि चुंबक जुनेच. बाहेरची रबरी कड जेल रोडवरून आणली. दोन हजार हर्ट्झच्या वरचं काम खोक्यातल्या जुन्या ट्वीटरकडेच राहिलं. पुन्हा मोबाइल लावून स्वर चढवत नेला. हजारपाशी काही नाही. बाराशेला काही नाही. मुलीने टाळ्या वाजवल्या.

खरी परीक्षा रविवारी, पोहे-जलेबी झाल्यावर. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. मुलगी बॅलन्सचं बटण कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरवत होती. बाबा म्हणाले, “उजवा चांगला.” माझा चेहरा पडला. पण मुलीच्या लक्षात आलं की नव्या पडद्याचं वजन काही ग्रॅम वाढलंय, त्यामुळे डावा जरा हळू वाजतोय. कानाला मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो. तिने दोन्ही आवाज सारखे केले आणि पुन्हा मारवा लावला.

बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आत्ता वाजतोय त्यात तंबोरा मोकळा आहे. तारा वेगळ्या ऐकू येतात. पण खाँसाहेब खर्जात उतरले की दुसरा जास्त भरीव.” पहिला डावा होता, दुसरा उजवा. मी काहीच बोललो नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, मलाही तसंच ऐकू येत होतं.

पुढचे तीन आठवडे तो विषय निघाला नाही. रेकॉर्ड वाजत होती, एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने थर्माकोल. आवाज मधोमध बसत नव्हता, डावीउजवीकडे भटकत होता. मला ते कळत होतं, पण दिलेला शब्द होता.

गेल्या शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर उजव्या खोक्याची जाळी काढून टेबलावर ठेवलेली. बाबा चष्मा नाकावर घेऊन मुलीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने थर्माकोलवर वर्तुळ आखत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “जोडी सारखी हवी. आणि हे बघ, या वेळी रांगोळी आधी टाकायची, कात्री नंतर.”

आईने डबा आधीच काढून ठेवला होता.